नन्नाकाकांची फी

नन्नाकाका प्रश्न पुरा होण्याआधीच नाही म्हणत. समोरचा माणूस "काका, मी असा विचार करत होतो की" इथपर्यंत आलेला असे, तोवर काकांची मान हलायला लागलेली असे. वाघोडिया रोडला दुकानाचा गाळा घ्यावा का? नाही. मेव्हण्याच्या धंद्यात भागीदारी करावी का? नाही. सोन्याचा भाव चढतोय, अजून थोडे घेऊन ठेवावे का? नाही. मग ते चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "हं, आता सांगा, काय विचारत होतात?" त्यानंतर मात्र सगळे शेवटपर्यंत ऐकून घेत. कधीकधी, फार क्वचित, त्या नाहीचे हो व्हायचे. पण लोकांच्या लक्षात राहायचे ते पहिलेच. त्यांचे आडनाव जाधव. हरणीच्या त्यांच्या सोसायटीतली गुजराती मंडळी "जाधवसाहेब तो नन्नो ज भणे", म्हणजे नाहीच म्हणणार, असे म्हणायची, आणि आमच्या मराठी घरांत ते नन्नाकाका झाले. दोन्ही भाषांत सहज बसेल असे नाव बडोद्यात लवकर रुळते.

नाही म्हणण्याचा राग कुणाला फारसा नव्हता. राग होता तो फीचा. काका बँकेत होते. तिथून मुदतीआधी निवृत्ती घेऊन त्यांनी पन्नाशीनंतर कसली तरी परीक्षा दिली, गुंतवणूक सल्लागार म्हणून रीतसर नोंदणी करून घेतली, आणि फ्लॅटच्या पुढच्या खोलीत टेबल मांडले. कुठल्या कंपनीचे काही विकत नसत, कुणाकडून दलाली घेत नसत. जे घ्यायचे ते समोर बसलेल्या माणसाकडून, त्याच्या देखत, आणि पावती फाडून. डॉक्टरला निमूट पैसे देणाऱ्या, वकिलाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आमच्या लोकांना हे भयंकर वाटले. पैशांविषयी बोलायचे पैसे? आणि तेही आपल्याच माणसाला? आमच्या एक लांबच्या आत्या म्हणाल्या होत्या की उद्या हळदीकुंकवाला गेले तर नलूवहिनी हातावर अत्तर लावायच्या आधी पावती फाडतील. हे वाक्य बडोद्यात पुष्कळ वर्षे फिरले. नलूकाकूंच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या, कानांवरही ते आले होते. त्या हसून दाखवत.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ते मला ओळखत, पण टेबलापाशी बसले की मला "तुम्ही" म्हणत. "मेधाताई, तुमचं उत्पन्न सांगा. तुमच्यावर कोण अवलंबून आहे?" पावती हातात दिली की खुर्ची मागे सरकवून हाक मारत, "नलू, मेधा आलीय गं, चहा टाक," आणि मग मी पुन्हा तू. एकदा मी हसले तेव्हा म्हणाले, "तू म्हटलं की मला तुझं वाटेल ते ऐकावं लागेल, आणि तुला माझं. इथं तसं चालत नाही."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती बाबांबरोबर. बाबा बाजव्याजवळच्या एका खासगी रसायन कारखान्यात आयुष्यभर राबले आणि निवृत्त झाले. पेन्शन नाही. हाती आली ती एकरकमी रक्कम, आणि तीही बाबांनी आयुष्यात एकत्र कधी पाहिली नव्हती एवढी. ती बँकेत जमा झाली त्या आठवड्यापासून प्रकाशभाऊजींचे येणे वाढले. प्रकाशभाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या काकांचे जावई. विमा आणि तसल्याच इतर योजनांचे काम करायचे. माणूस बोलायला गोड. दर रविवारी हातात लिलो चेवडा नाहीतर भाकरवडी, आईच्या गुडघ्यांची चौकशी, बाबांच्या कारखान्यातल्या जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकायची तयारी. फी वगैरे काही नाही. "घरच्यांकडून काय घ्यायचं, काका?" असे ते म्हणत आणि आई आतून त्यांच्यासाठी आणखी एक पुरी तळून आणी.

मीच बाबांच्या मागे लागले की एकदा जाधवकाकांना विचारू. बाबा नाराजीनेच आले. टेबलावर भाऊजींनी दिलेली गुळगुळीत पत्रके मांडली. काकांनी नेहमीप्रमाणे आधी नाही म्हटले, मग चष्मा काढला, सगळे ऐकले, चष्मा लावला आणि पत्रके उलटी करून मागच्या पानांवरची बारीक अक्षरे वाचत बसले. पुढची पाने कंपनीवाल्यांनी लिहायची म्हणून लिहिलेली असतात, ते म्हणाले, आणि मागची त्यांना लिहावी लागलेली असतात. बाबा पाय हलवत होते.

मग काकांनी समजावून सांगितले. या सगळ्या पॉलिसी लांब मुदतीच्या आहेत. दरवर्षी हप्ते भरावे लागतील, आणि मध्येच पैसे लागले तर हातात फार थोडे येईल. निवृत्त माणसाला आधी हाताशी पैसा लागतो, मग वाढणारा. विमा तर बाबांना या वयात नकोच होता, कारण त्यांच्या पगारावर आता कुणी जगत नव्हते. हे सगळे त्यांनी शांतपणे सांगितले. बाबा मान डोलावत होते. मग काकांनी विचारले, "प्रकाशरावांना यात काय मिळतं, ते विचारलंत?"

बाबांचा चेहरा पडला. "जावई आहेत ते आमच्या घरचे."

"म्हणूनच विचारा. परक्याला नाही विचारलं तरी चालतं. तो नको झाला की आपण त्याला सोडू शकतो."

बाबांनी फी दिली, पावती घेतली, चहा घेतला नाही. स्कूटरवर मागे बसल्या बसल्या ते एकच वाक्य बोलले, की पैसे देऊन अपमान करून घेतला. पुढच्या रविवारी भाऊजी आले तेव्हा बाबांनी जिथे जिथे सांगितले तिथे तिथे सह्या केल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी बोलले. बाबांनी माझ्याकडे न बघता सांगितले की तू शाळेत भूगोल शिकव. भाऊजी हसले आणि म्हणाले, मेधाताई बरोबरच बोलतात, सगळे नीट विचारून घ्यावे. त्यांनी कधीच कुणाशी वाद घातला नाही. ते त्यांचे मोठे भांडवल होते.

दोनेक वर्षांत बाबांना पक्षाघाताचा झटका आला. एक बाजू गेली, वाचा गेली. हॉस्पिटल खासगी, रोजचे बिल रोज. बँकेत जे काही शिल्लक होते ते पुढच्या हप्त्यांसाठी म्हणून ठेवलेले, आणि ते भराभर संपायला लागले. मी भाऊजींना फोन केला. ते म्हणाले की पॉलिसी अजिबात मोडू नका, मोठे नुकसान होईल, मी कंपनीशी बोलतो. दुसऱ्या फोनला ते मीटिंगमध्ये होते. त्यानंतर त्यांच्या फोनवर नुसती गाण्याची धून वाजत राहायची.

नन्नाकाका न बोलावता आले. हॉस्पिटलच्या जिन्याखालच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी सगळ्या पॉलिसी मांडीवर घेतल्या, आणि तुम्ही मला विचारताय का, असे आधी मला विचारले. मी हो म्हटले तेव्हाच ते पुढे बोलले. कुठली मोडायची, कुठलीचे हप्ते थांबवून तशीच पडू द्यायची, कुठल्या कचेरीत कुणाला भेटायचे, सगळे त्यांनी सांगितले. "मी सांगितलं होतं" हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. नजरेतही नव्हते. मी शोधले होते, म्हणून सांगते. मग त्यांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढले.

माझा नवरा शेजारी उभा होता. तो तिथून निघूनच गेला. माणूस आत मरणाच्या दारात आणि हे जिन्याखाली फी घेतात, हे त्याला सहन झाले नाही. आमच्या नातेवाइकांत नंतर ही गोष्ट भाऊजींच्या न उचललेल्या फोनपेक्षा जास्त वेळा सांगितली गेली. काकांना ते कळत नव्हते असे नाही. पावतीवर माझे नाव लिहिता लिहिता ते खाली मान घालून म्हणाले, "फुकट केलं तर उपकार होतील, मेधाताई. आणि उपकार करणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही. तुमच्या बाबांचं तेच झालं."

गेले ते बरेच गेले. भरलेल्या पैशांतले फार थोडे परत आले. बाबा घरी आले आणि अंथरुणावर आणखी काही काळ जगले. भाऊजी डाळिंबे घेऊन भेटायला आले त्या दिवशी मी घरी होते. दारातून त्यांचा आवाज आला आणि बाबा चांगल्या हाताने पलंगाची कड धरून उठून बसायची धडपड करू लागले. जावई आले होते ना. घशातून नुसता आवाज येत होता आणि एका डोळ्यातून पाणी. भाऊजींनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, काका, बघता बघता हिंडायला लागाल. आईने डाळिंबे सोलून त्यांनाच बशीत दिली. मला तेव्हा जे वाटले ते अजून उतरलेले नाही आणि उतरावे असेही वाटत नाही.

बाबांच्या पश्चात आईचे आणि माझे जे काही होते ते मी काकांच्या सल्ल्याने लावले. त्यांचा सल्ला म्हणजे अर्धी शिकवणीच. फॉर्म स्वतः भरायचे, खाते स्वतः उघडायचे, कागद स्वतः वाचायचे, आणि अडले तर यायचे. वर्षातून एकदा या, ते म्हणत. दोनदा आलात तर तुम्हाला भीती वाटतेय, आणि भीतीचे औषध माझ्याकडे नाही. बाजार पडला तेव्हा मी घाबरून फोन केला होता. त्यांनी मला घरातला कुठला पंखा बिघडलाय, कुठला नळ गळतोय असले प्रश्न विचारले, आणि हे पैसे तुम्हाला यावर्षी लागणार आहेत का, असा शेवटचा. मी नाही म्हटले. मग आज नळ दुरुस्त करून घ्या, असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या दिवसाची फी घेतली नाही. सल्ला दिलाच नाही, म्हणाले.

न विचारता सल्ला द्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. लग्नकार्यात कुणी शेजारी बसून कसल्याही भयंकर योजनेचे कौतुक करू लागला तरी ते जिलेबी खात राहत. यामागे एक जुने दुखणे होते, ते मला नलूकाकूंनी सांगितले. काकांचे आजोबा-पणजोबा गायकवाडी फौजेतले. फौज गेली, संस्थान गेले, पण वडिलांचा आवाज तसाच राहिला. काकांनी काय शिकायचे, कुठे चिकटायचे, कुणाशी लग्न करायचे, सगळे हुकमाने झाले. काकांना शिकवायचे होते, गणिताचे मास्तर व्हायचे होते. वडिलांनी बँकेचा फॉर्म समोर टाकला. आपण आपल्या मुलाला असे काही करणार नाही, असे त्यांनी पराग झाला त्या दिवशी ठरवले, आणि ते पाळले. इतके पाळले की त्याला शर्टाचे बटणसुद्धा लाव म्हणून सांगितले नाही, असे काकू म्हणायच्या.

पराग त्यांचा एकुलता एक. इंजिनिअर, मकरपुऱ्याच्या एका कंपनीत चांगल्या नोकरीला. लॉकडाऊनमध्ये घरी बसला आणि फोनवर शेअरबाजाराचे सौदे करायला लागला. आधी थोडे, मग दिवसभर. सुरुवातीला त्याला पैसे मिळाले, हे त्याचे दुर्दैव. त्याने नोकरी सोडली. गाडी घेतली. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्याच्याभोवती कोंडाळे जमायला लागले. ज्यांनी काकांना फी द्यायला आयुष्यभर खळखळ केली ते परागकडून फोनच्या पडद्यावर हिरवे आकडे बघून घेत. एका आरतीनंतर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबांकडे पैसे देऊन ‘नाही’ ऐकायचं. माझ्याकडे ‘हो’ आहे, आणि फुकट आहे." सगळे हसले. प्रकाशभाऊजी सगळ्यांत जास्त. काका प्रसादाचा द्रोण हातात घेऊन उभे होते. तेही थोडे हसल्यासारखे झाले, आणि द्रोण कुठे टाकायचा ते बघत बाजूला गेले.

काकूंना सगळे दिसत होते. पराग जेवायला उठेनासा झाला होता, बायकोशी बोलेनासा झाला होता, आणि घरात कुणी दाराची बेल वाजवली की दचकायचा. काकूंनी मला बोलावून सांगितले की तुझे ऐकतात, तू सांग त्यांना, पोराशी बोला म्हणावे. मी माझ्या वर्षाच्या भेटीचे निमित्त काढून गेले. काम संपल्यावर विषय काढला. काका खिडकीबाहेर बघत बसले. सोसायटीवरून विमान खाली उतरत होते, त्याचा आवाज जाईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "त्यानं विचारलं नाही."

मला संताप आला. "मुलगा आहे तुमचा. पावती फाडून येणारा माणूस नाही."

"म्हणूनच," ते म्हणाले. "मी एकदा बोललो तर तो माझ्या बापाचा आवाज असेल. तो विचारील. बुडायला लागला की माणूस विचारतोच. मी रोज या खोलीचं दार उघडं ठेवून बसतो."

त्याने विचारले नाही. दार खरेच उघडे असायचे, मी पाहिले आहे. पराग त्या दारावरून बाहेर जायचा आणि परत यायचा. बुडाला तेव्हा सगळे एकदमच कळले. स्वतःचे गेले होतेच, बायकोचे दागिने गेले होते, मित्रांकडून घेतलेले गेले होते, आणि फोनवर चुटकीसरशी मिळणारी कर्जे त्यावर चढली होती. वसुलीवाल्यांचे फोन आधी परागला यायचे, मग काकांच्या ओळखीच्यांना, मग मलाही आला. एक अनोळखी माणूस हिंदीत काकांविषयी जे बोलला ते मी कुणाला सांगितलेले नाही. परागची बायको मुलीला घेऊन सुरतेला माहेरी गेली.

काकांनी हरणीचा फ्लॅट विकला. गिऱ्हाईक घाईचे, भाव पाडून मागणारे. आयुष्यभर लोकांना घाईने काही विकू नका असे सांगणारा माणूस स्वतःचे घर घाईने विकत होता, आणि मी जरा थांबा म्हटले तेव्हा त्यांनी हात जोडले. देणी भागवली. प्रतापनगरला, रेल्वे वर्कशॉपच्या अलीकडच्या गल्लीत, दोन भाड्याच्या खोल्या घेतल्या. परागही त्यांच्याबरोबर तिथे आला.

मंडळात या सगळ्याचा मोठा आनंद झाला. आनंद हाच शब्द बरोबर आहे. तोंडाने सगळे अरेरे म्हणत होते, पण ज्यांनी ज्यांनी कधी ते ‘नाही’ ऐकले होते त्यांना आज ते फेडून मिळाले होते. भाऊजी बोलायला गोडच. म्हणाले, "घरातला फोन ज्यांना दिसला नाही, त्यांना तुमची म्हातारपणं कशी दिसणार?" यावर लोकांनी माना डोलावल्या. मी तिथे होते. मी भाऊजींना विचारले की माझ्या बाबांचे म्हातारपण तुम्हाला कसे दिसले होते. मग कुणीतरी विषय बदलला, आणि नंतर भाऊजींच्या बायकोचा, माझ्या चुलतबहिणीचा, मला फोन आला की तू चारचौघांत असे बोलायला नको होतेस.

ज्यांनी वर्षाची फी भरली होती त्या सगळ्यांच्या घरी काका स्वतः गेले आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत केले. मी सल्लागार म्हणून काम बंद केले आहे, एवढेच सांगत. कारण कुणी विचारले तर, आता मला तो अधिकार वाटत नाही, असे म्हणत. बहुतेकांनी पैसे घेतले. काहींनी दारातच मोजून घेतले. माझ्या घरी आले तेव्हा मी पाकीट घेतले नाही. त्यांनी ते चपलांच्या कपाटावर ठेवले आणि आईने केलेला शिरा उभ्यानेच खाऊन गेले.

शेवटचे नीट बोलणे झाले ते प्रतापनगरच्या खोलीत. टेबल नव्हते. पलंगावर एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. वर्कशॉप सुटण्याची वेळ होती, खालून स्कूटरी आणि सायकली जात होत्या. मला एका बँकेतून सारखे फोन येत होते, आम्ही तुमचे सगळे सांभाळू म्हणून. दुसरीकडे शाळेतले तरुण शिक्षक म्हणत होते की आता सगळे फोनवर कळते, माणूस लागतोच कशाला. मी काकांना विचारले की आता मी काय करू. दुसरा कुणी धरू, की माझे मीच बघू?

त्यांनी नाही म्हटले नाही. मग म्हणाले, "मला माहीत नाही गं. आधी वाटायचं, प्रामाणिक माणूस शोधावा, त्याला त्याचे पैसे उघड द्यावेत, आणि शिकत शिकत त्याला नकोसं करून टाकावं. आता वाटतं, एकट्यानं केलं तर चूक आपली असते. दुसऱ्याकडून करून घेतलं तर चूक त्याची वाटते. भोगायचं दोन्हीकडे आपल्यालाच. एवढंच कळलं मला."

काकू चहा घेऊन आल्या. आतल्या खोलीत पराग होता. त्याच्या खोकण्याचा आवाज आला. काकांनी त्या दाराकडे पाहिले आणि चहाचा कप खाली ठेवून दिला.

गेल्या थंडीत काका गेले. सकाळी दूध आणायला निघाले आणि जिन्यातच बसले. मंडळाने शोकसभा घेतली. हार घातलेला फोटो बँकेतला, केस काळे असतानाचा. प्रकाशभाऊजी बोलले आणि फार छान बोलले. समाजाचा निःस्पृह मार्गदर्शक हरपला, असे म्हणाले. अत्तर आणि पावतीवाल्या आत्यांनी डोळे पुसले. एकाने मंडळातर्फे त्यांच्या नावाने दरवर्षी एक व्याख्यान ठेवण्याची सूचना केली, गुंतवणूक साक्षरतेवर, अर्थातच विनामूल्य. टाळ्या वाजणार होत्या, पण शोकसभा आहे हे लोकांच्या वेळेवर लक्षात आले. मी उठून बाहेर आले.

बाहेर पराग उभा होता, भिंतीला टेकून. आत का बसला नाहीस, असे मी विचारले नाही. तो पुन्हा एका कारखान्यात लागला आहे, पूर्वीच्या निम्म्या पगारावर. दर शनिवारी मुलीला भेटायला सुरतेला जातो. फोन साधा वापरतो. मी त्याला म्हटले, बाबा वाट बघत होते तुझी, तू विचारशील म्हणून. मला वाटले होते की हे त्याला लागेल, आणि लागावे अशी माझी इच्छाही होती.

तो भिंतीपासून सरळ झाला. मग म्हणाला, "मी रोज त्या खोलीवरून जायचो, ताई. मुद्दाम चपला वाजवत जायचो. वाटायचं, आज तरी हाक मारतील. ओरडतील. एक थोबाडीत तरी देतील."

आतून माइकवर कुणीतरी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची विनंती करत होते. आम्ही तसेही उभेच होतो.

ते संपल्यावर त्याने स्कूटरची किल्ली काढली आणि मला विचारले की तुमचे आता कोण बघते. मी म्हटले, मीच बघते. त्याने मान हलवली. स्कूटर सुरू केली, आणि मग तिच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "एकट्यानं नका बघू, ताई. कुणाला तरी दाखवत जा."

कुणाला, ते मी विचारणार होते. पण तो वळणावर पोचला होता, आणि सभेतली माणसे हसतबोलत पायऱ्या उतरू लागली होती.